कोंबड्यानं पास केलेली बाटली

आमच्या दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठत. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या आम्ही धुऊन पुन्हा वापरायचो. किस्से मात्र तसेच पडून राहिले, कारण त्यांतला एकही मला आजपर्यंत धड उलगडलेला नाही. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "तो कोंबड्याचा सांग!" मी सांगतो, सगळे हसतात, आणि घरी जाताना माझ्याच डोक्यात पुन्हा तो जुना गोंधळ सुरू होतो.

मी रत्नागिरीत एका खाजगी बाळंतपणाच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. मुंबईचं सगळं सामान बोटीनं यायचं आणि हातखंब्याला जायला मोटार मिळाली तर मिळाली, असे ते दिवस. दवाखाना म्हणजे चिऱ्याच्या चार खोल्या, चार खाटा आणि माणसं मोजून तीन. डॉक्टर, मी आणि भागीआत्या सुईण.

डॉक्टर पुण्याकडचे, तिशीतले, पुस्तकावर जबर विश्वास. भागीआत्या साठीची, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि तिचा विश्वास फक्त स्वतःच्या हातांवर. डॉक्टरांनी तिला नोकरीवर घेतली, कारण तिच्याशिवाय बायका दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या. तिनं पहिल्याच दिवशी अट घातली. "माझा हात पोटावर, तुमचा हात बाटलीवर. मी बाटलीला शिवायची नाय, तुमी मदी बोलायचं नाय!"

ती बाटली म्हणजे अर्गट. तपकिरी रंगाचा काढा. बाळंतपणानंतर रक्त थांबेना की जीव जातो, म्हणून मूल आणि वार दोन्ही बाहेर पडली की एक ड्राम, म्हणजे लहान चमचाभर, पाजायचा. त्यानं गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. पण मूल आत असताना दिलं, तर तीच आवळ आई आणि मूल दोघांच्या जिवावर उठते. "आधी मूल, मग वार, मग अर्गट!" डॉक्टरांनी हे माझ्याकडून मुंजीतल्या गायत्रीसारखं घोकून घेतलं होतं.

आणि मीही मन लावून घोकलं होतं, त्याला कारण होतं. माझी पहिली मुलगी बायकोच्या माहेरी, केळशीला झाली. मी पोचलो तेव्हा बायको पांढरीफटक पडलेली आणि अंथरूण लालभडक. ती वाचली. कशी, ते कोणालाच सांगता आलं नाही. डॉक्टरांना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या वेळी असं पुन्हा होऊ शकतं. तेव्हा चांगलं अर्गट हाताशी पाहिजे." मी सांगतोय ते किस्से सगळे एका वर्षातले, आणि त्याच वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. त्यामुळे मी इतरांबरोबर हसायचो खरा, पण माझा एक डोळा कायम त्या तपकिरी बाटलीवर असायचा.

*

लांबच्या गावांना डॉक्टर एकेका डोसाची छोटी बाटली देऊन ठेवत. रक्त जास्त गेलं तरच पाजा, असं बजावून.

आश्विनात एक दिवस आतल्या गावचे एक म्हातारबुवा आले. कमरेला पंचा, हातात फडक्यात बांधलेली आमचीच बाटली. बुचाला मेण लावून अगदी निगुतीनं जपलेली. थोरल्या सुनेच्या बाळंतपणाला नेली होती, तिला गरज पडली नाही. तेव्हापासून ती भाताच्या कणगीत ठेवली होती. आता धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"किती दिवस होती कणगीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन वर्सं," म्हातारबुवा अभिमानानं म्हणाले. "मी एवढंच इचारायला आलो, आता इतकं मुरलंय तर डोस कमी द्याचा काय?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो, हे काय लोणचं आहे?"

"लोणचं नाय म्हणून तर इचारतो. लोणच्याचं माप मला ठाव हाय!"

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की हे औषध मुरत नाही, उलट दमट हवेत त्याचा जोर जातो. म्हातारबुवांनी सगळं ऐकून घेतलं, नवी बाटली घेतली आणि जुनीही परत मागितली. "सुनेला नवी देतो. जुनी माझ्या संदिवाताला घेईन," म्हणाले. जुनी आम्ही दिली नाही. ते रागावून गेले. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "डाक्टर कच्चा हाय, पण मनाचा चांगला."

*

हे सगळं भागीआत्या कोपऱ्यात पान लावत ऐकत होती. म्हातारबुवा गेल्यावर तिनं विचारलं, "दमट हवेत जोर जातो म्हणता. मग तुमच्या कपाटातली बाटली चार म्हयने पावसात होती, ती चांगली हाय कशावरनं?"

डॉक्टर म्हणाले, "ती चांगली आहे."

"कशावरनं?"

दोन दिवस डॉक्टरांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "कंपौंडर, एक कोंबडा घेऊन या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. पुस्तकात लिहिलं होतं की अर्गट कोंबड्याला टोचलं आणि ते चांगलं असलं, तर तासाभरात त्याचा लाल तुरा काळानिळा पडतो. निकामी असलं, तर तुरा लालच राहतो. "पांढरा विलायती लेगहॉर्न मिळाला तर उत्तम," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर गावठी. पण तुरा मोठा हवा."

आता मी ब्राह्मणांच्या आळीत राहणारा. जन्मात कोंबडं विकत घेतलेलं नाही. मिरकरवाड्यात गेलो आणि एका कोंबडीवाल्या चाचांपुढे उभा राहिलो.

"कापून देऊ?" त्यांनी विचारलं.

"नको, जिवंतच द्या. फक्त तुरा मोठा पाहिजे."

"तुरा शिजत नाय ओ!"

"खायचा नाहीये. बघायचाय."

चाचांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि शेजारच्याला हाक मारली. "आरे, ह्यांना बघायला कोंबडा पाहिजे!" मग तिथल्या झाडून सगळ्यांनी मला कोंबडे दाखवले. एकानं तर कोंबड्याची मान माझ्याकडे वळवून "हा बगा, घरंदाज हाय" असंही सांगितलं.

पंच्यात गुंडाळून तो घेऊन आळीतून जात होतो, तर नेमकी शेजारच्या काकूंशी गाठ पडली आणि पंच्याच्या आत जोरात "कॉक्!" झालं. काकू थांबल्या. मी म्हणालो, "औषधाचं काम आहे."

"कुणाच्या औषधाचं?"

गडबडीत माझ्या तोंडून निघून गेलं, "कोंबड्याच्या!"

संध्याकाळी घरी पोचलो, त्याच्या आधी बातमी पोचलेली. बायको दारातच उभी. "काय हो, आता गुरांच्या दवाखान्यात लागलात का?"

*

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांनी ॲप्रन घातला. कोंबड्याला मी धरलं, त्यांनी टोचलं, आणि मग तिघंही स्टुलांवर बसून त्याच्या तुऱ्याकडे एकटक बघत राहिलो. कोंबडा आमच्याकडे बघत होता. पाऊण तास गेला. भागीआत्या म्हणाली, "ह्याच्यापरीस बाळंतपण बरं."

तेवढ्यात तुऱ्याची टोकं जांभळट दिसायला लागली. बघता बघता अख्खा तुरा जांभळासारखा काळानिळा झाला. डॉक्टर टाळी वाजवून ओरडले, "पास!"

दुसऱ्या दिवशी तुरा पुन्हा लाल आणि कोंबडा परसात मजेत दाणे टिपतोय. डॉक्टरांनी त्याला 'असिस्टंट' असं नाव दिलं आणि दर महिन्याला परीक्षा ठरली. पण हे सगळं खिडकीतून एका बाळंतिणीच्या सासूनं पाहिलं होतं. ती आतल्या गावची. आमच्या भागात शेताचा, घराचा, वाडीचा राखणदार असतो आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा असतो. ती सरळ डॉक्टरांपुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "राखण दिलीत, लय बरं झालं. इतकी वर्सं दिली नव्हतीत, म्हणून बायका येत नव्हत्या!"

डॉक्टरांनी अर्धा तास तिला शास्त्र समजावलं. पुस्तक उघडून कोंबड्याचं चित्रसुद्धा दाखवलं. तिनं चित्राला नमस्कार केला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "व्हय व्हय. पण अजून कापलात नाय. अर्धी राखण चालत नाय, डाक्टर!"

पुढच्या महिन्याभरात आमच्या परसात सात कोंबडे जमले. येणारी प्रत्येक सासू एकेक घेऊन यायची. चारही खाटा भरायला लागल्या, ओसरीवर सतरंजी टाकायची वेळ आली. आणि औषध पुढे केलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी कोंबड्यानं घेतलंन काय?" घेतलंन म्हटलं की सून गुमान पिऊन टाकायची.

एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. चेहरा अगदी गोंधळलेला. "कंपौंडर, खरं सांगा. या बायका माझ्यासाठी येतात, अर्गटसाठी येतात की राखणदारासाठी येतात?"

मी म्हणालो, "भागीआत्यासाठी."

*

अर्गट कशापासून करतात, हे डॉक्टरांनी कोणाला तरी सांगितलं होतं. परदेशात राय नावाचं धान्य असतं, त्याच्या कणसावर काळी बुरशी धरते, तिचं हे औषध. ही गोष्ट फिरत फिरत थेट खेडपर्यंत गेली.

कार्तिकात तिकडचा एक शेतकरी डोक्यावर टोपली घेऊन हजर. टोपलीत भाताच्या काळ्या पडलेल्या लोंब्या. काजळी धरलेल्या. "आमच्याकडं ढीग पडलाय. इलायतेतनं कशाला आणता?"

डॉक्टर आधी हसले. मग भिंग घेऊन लोंबी बघायला लागले. "कंपौंडर," ते हळूच म्हणाले, "कोणी सांगावं!"

दोन दिवस आम्ही ती काजळी उकळली, गाळली, आटवली. असा काही वास सुटला की समोरच्या शिंप्यानं दुकान बंद ठेवलं. डॉक्टर मात्र वहीत काहीबाही टिपत होते आणि मधूनच मला विचारत होते, "समजा निघालंच औषध, तर नाव काय द्यायचं?"

शेवटी तो रस असिस्टंटला टोचला. शेतकरीही मुद्दाम थांबला होता. तास झाला, दोन तास झाले. तुरा लालच्या लाल. असिस्टंटनं एकदा मान झटकली आणि टोपलीतल्या लोंब्यांतले चांगले दाणे टिपायला सुरुवात केली.

"नापास!" डॉक्टर खिन्नपणे म्हणाले.

"नापास कसा? पसंत केलंन की!" शेतकरी म्हणाला. "बगा, किती आवडीनं खातो हाय!"

टोपली तिथंच ठेवून तो खूश होऊन गेला. त्यानं गावाकडे जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पुढची दोन वर्षं दर कार्तिकात काजळीच्या टोपल्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन पडत होत्या.

*

आता कुलपांचा किस्सा. हा हसत सांगतो मी, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडायच्या, सगळी कुलपं उघडायची, म्हणजे ती लवकर मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. फाल्गुनात एक बाळंतीण आली, तिच्याबरोबर आलेली सासू फार कडक. आल्या आल्या तिनं फर्मान काढलं. दवाखान्यातली सगळी कुलपं उघडा! मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "उघडा. नुकसान काय आहे?" मी औषधांचं कपाट उघडलं, माझी पेटी उघडली, डॉक्टरांची ट्रंक उघडली. डॉक्टरांच्या सायकलीचं कुलूपसुद्धा उघडायला लावलंन तिनं.

सकाळी नऊ वाजता मुलगा झाला. वार पडली. आणि रक्त सुरू झालं. थांबेना.

डॉक्टर आतून ओरडले, "अर्गट!"

मी कपाटाकडे धावलो, तर कपाटाला कुलूप! सासूनं मधल्या वेळात सगळी कुलपं परत लावली होती. मूल झालं, आता बाई उघडी ठेवायची नाही, रक्त बाहेर जातं, आता सगळं बंद करायचं, असा तिचा हिशेब. किल्ली तिच्या कनवटीला.

"किल्ली द्या!"

"देणार नाय! उघडलंत तर अजून जाईल!"

मी हात जोडले, डॉक्टर आतून ओरडतायत, ती कनवटीवर मूठ घट्ट धरून उभी. शेवटी भागीआत्या बाहेर आली. सासूच्या कनवटीला हात घातला, किल्ली उपटली आणि माझ्याकडे फेकली. मी अर्गट आत दिलं. डॉक्टरांनी पाजलं. काही वेळानं त्यांचा आवाज आला, "थांबलं." माझ्या बायकोला तेव्हा चौथा महिना होता.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सासूला झापलं. "कुलूप उघडून औषध काढलं, म्हणून सून वाचली!"

सासूनं शांतपणे कपाटाकडे बोट केलं. "मग आता काय हाय?"

कपाटाला कुलूप होतं. औषध काढल्यावर सवयीनं मी ते परत लावलं होतं.

"लावलंत तवाच थांबलं," ती म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी किल्लीकडे बघायला लागलो. कुलूप आधी लावलं की रक्त आधी थांबलं, हे मला खरंच आठवेना!

*

आणि हा शेवटचा.

श्रावण लागला. पावसामुळे बोट ज्येष्ठातच बंद झालेली, ती सुरू व्हायला अजून पंधरा-वीस दिवस. घाटात दरड पडलेली, त्यामुळे कोल्हापूरकडूनही काही येईना. कपाटात अर्गटच्या तीन बाटल्या होत्या. असिस्टंटकडून परीक्षा घेतली, तर दोन बाटल्यांना तुरा लालच राहिला. त्या आम्ही फेकून दिल्या. तिसरी पास झाली, पण तिच्यात तीनच डोस उरले होते. त्यातले दोन आठ दिवसांत लागले. शेवटच्या डोसावर डॉक्टरांनी स्वतः माझ्या बायकोच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

मी दिवसातून दहादा ती बाटली उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्याकडे कमी आणि त्या बाटलीकडे जास्त बघता." खरं होतं ते. तिच्याकडे बघायची मला भीती वाटायची.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांना हातखंब्याहून बोलावणं आलं. एक बाई अडली होती. रक्त थांबवायची पिट्यूटरीची दोन इंजेक्शनं तेवढी होती, ती बॅगेत टाकून ते निघाले. "वहिनींना अजून आठवडा आहे," मला म्हणाले. "दुपारपर्यंत येतोच."

ते गेले आणि तासाभरात बायकोच्या पोटात दुखायला लागलं.

तिला दवाखान्यात आणली. भागीआत्या तिच्याबरोबर आत. मी पडद्याबाहेर. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, डॉक्टर सोडून. मी शेवटचा डोस ग्लासात ओतला, ड्रामच्या रेघेपर्यंत अगदी बरोबर, आणि ग्लास हातात धरून उभा राहिलो. आधी मूल, मग वार, मग अर्गट. आधी मूल, मग वार, मग अर्गट. मनात एवढंच चाललेलं.

आतून मूल रडलं.

काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. वार डोक्यातून गेली, नियम गेला, डॉक्टर गेले. केळशीचं ते लाल अंथरूण तेवढं राहिलं. मी पडदा सारून आत घुसलो, बायकोचं डोकं उचललं आणि ग्लास तिच्या ओठांपाशी नेला. "झालं, मूल झालं! पी! लवकर पी!"

भागीआत्याच्या दोन्ही हातांत मूल होतं. तिनं कोपरानं असा काही तडाखा दिला की ग्लास माझ्या हातातून उडून भिंतीवर गेला.

"मेल्या! आत अजून एक हाय!"

मी तसाच उभा राहिलो. तिनं मूल फडक्यात गुंडाळून माझ्या हातात कोंबलं आणि पुन्हा कामाला लागली. काही वेळानं दुसरं झालं. एक मुलगा, एक मुलगी. मग वार पडली. आणि मग ज्याची भीती होती ते सुरू झालं.

मी कपाटाकडे पळालो. बाटली उलटी केली, आपटली, बोटानं आतून पुसली. काही नव्हतं.

"बाटली चाटत बसू नको! हितं ये!" भागीआत्या आतून ओरडली. "पोरं धर. एकेक एकेका बाजूला. अंगावर लाव! चोखली की आत आवळतं!"

मी दोन्ही मुलं बायकोच्या छातीशी धरली. एकाला जमलं, दुसरं तोंड फिरवत होतं, भागीआत्या एका हातानं त्याचं डोकं दाबून धरायची आणि दुसऱ्या मुठीनं बायकोचं पोट मळत होती. कणकेसारखं, सगळा जोर लावून. बायको कण्हत होती, मग कण्हायचीही थांबली. मी तिला हाका मारत होतो. नाव घेऊन हाका मारत होतो, भागीआत्यासमोर, आणि रडत होतो. माझ्यामुळे औषध गेलं होतं. आणि भागीआत्याचं कोपर एक क्षण उशिरा आलं असतं, तर माझ्यामुळेच आत असलेलं मूल गेलं असतं, आणि तीही.

किती वेळ गेला माहीत नाही. भागीआत्यानं माझा हात धरला आणि बायकोच्या पोटावर दाबला. बेंबीखाली काहीतरी घट्ट, गोल लागलं. "लागला नारळ? आता जायाचं नाय रक्त."

खरंच थांबलं होतं. बायकोनं पाणी मागितलं.

मी म्हणालो, "आत्या, तुला माहीत होतं दोन आहेत?"

"सातव्या म्हयन्यापासनं."

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरांना तरी सांगायचं!"

"दोन हायत असं पोटात असताना बोलायचं नसतं. दृष्ट लागते." तिनं न फुटता कोपऱ्यात घरंगळलेला ग्लास उचलला, धुतला आणि फडताळात उपडा ठेवला.

मी तिच्या पाया पडू की तिच्यावर ओरडू, ते मला कळेना. अजूनही कळलेलं नाही.

एवढ्यात डॉक्टर आले. गुडघ्यापर्यंत चिखल. दारात थबकले, दोन मुलं बघितली, मटकन स्टुलावर बसले. "दोन?" मग उठून बायकोची नाडी बघितली, पोटावर हात ठेवला. खालची लाल फडकी बघितली, पुन्हा पोटावर हात ठेवला. मग टेबलावर आडवी पडलेली रिकामी बाटली त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"बघितलंत? एवढं रक्त, आणि कसं आवळलंय बघा! किती दिलंत?"

"एक ड्राम," मी म्हणालो. तेवढंच खरं मला सांगता येत होतं.

"वार पडल्यावरच ना?"

भिंतीवर तपकिरी ओघळ होता, तो नेमका डॉक्टरांच्या पाठीमागे. त्यांनी मान वळवली असती तर माझी नोकरी संपली होती, आणि ती संपायलाच हवी होती.

"तर काय आदी?" भागीआत्या म्हणाली. "वार पडली, मग दिलं. मी पाजलं, माझ्या हातानं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही? भागीआत्या, तुम्ही बाटलीला हात लावलात?"

"लावला."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या रजिस्टर मागवलं आणि लिहिलं, जुळं, भारी रक्तस्राव, अर्गट एक ड्राम, पूर्ण गुण. मला वाचूनही दाखवलं. मग ते माझ्या बायकोजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आता कसं वाटतंय?"

तिच्या तोंडात त्या औषधाचा एक थेंबही गेला नव्हता. तिनं डोळे उघडले नाहीत. दोन्ही मुलांवरचे हात जरा जवळ घेतले आणि म्हणाली, "फार कडू होतं हो."